परतीचा पत्ता

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शताब्दीनिमित्त आपण एक व्याख्यान द्यावे असे कार्यवाहांनी मला सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात संतसाहित्य किंवा मराठवाड्यातील कादंबरी असा काही विषय असावा. मराठीच्या प्राध्यापकाकडून साधारणपणे तेवढीच अपेक्षा असते. 'वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास' असा विषय मी कळविला, तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मग ते अत्यंत सौजन्याने म्हणाले, "सर, पण आपल्या सभासदांना त्यात रस वाटेल का?" मी त्यांना आश्वासन दिले की शेवटी हा विषय आपल्या हिमायतनगरपर्यंत आणून सोडीन. ते आश्वासन आज पाळावयाचे आहे.

आपल्या शहरात 'एर्रगड्डा' हे एका वस्तीचे नाव आहे आणि ती एक शिवीही आहे. वर्गात एखादा विद्यार्थी विसंगत बोलला की मागच्या बाकावरून हळूच 'एर्रगड्डा' असा शब्द येतो. पुण्यात याच अर्थी 'येरवडा' म्हणतात आणि मुंबईकर 'ठाणे' म्हणतात. एका इमारतीमुळे सबंध गावाच्या नावाचा अर्थ बदलून जावा, हे भाषेच्या अभ्यासकाला खुणावणारे आहे. एर्रगड्ड्याला जायचे म्हणजे कायमचे जायचे, असा त्या थट्टेचा गर्भितार्थ असतो. आज मला बोलायचे आहे ते याच एका गोष्टीविषयी. माणसाला तेथे नेण्याच्या वाटा पुष्कळ होत्या. परतीची वाट कोणासाठी ठेवली गेली होती, आणि कोणासाठी नव्हती?

प्रथम आपल्याच घरात डोकावू. वेड या गोष्टीसाठी मराठीत शब्दांची चणचण नाही. वेडा, खुळा, पिसाट, भ्रमिष्ट, चळलेला, वाऱ्यावर गेलेला. प्रत्येकाची छटा निराळी. 'पिसे' या शब्दाला तर संतांनी देवाच्या दारात नेऊन बसविले. पण केवळ शब्द असणे वेगळे आणि माणसाला जागा असणे वेगळे. त्या जागेचा आपल्याकडचा सर्वांत जुना आणि विलक्षण दाखला मला महानुभावांच्या वाङ्मयात दिसतो. तेराव्या शतकात विदर्भातील ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ वावरत होते. चक्रधरस्वामींचे ते गुरू. म्हाइंभटाने त्यांच्या ज्या लीळा लिहून ठेवल्या आहेत, त्या वाचताना आजचा वाचक चपापतो. राऊळ कोणाच्याही घरात शिरतात, हवे ते उचलून खातात, एकटेच हसतात, स्वतःशी बोलतात, मुलांत खेळतात, मध्येच रागावतात. काही लोक त्यांना वेडे म्हणतात, त्याच लीळांत दुसरे काही देव मानतात, आणि गाव त्यांना आपले आई आणि बाप दोन्ही समजते. भक्तांची श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवून मी एवढेच पाहतो की अशा वागण्याच्या माणसाला त्या गावात जेवायला मिळत होते, दार उघडे मिळत होते आणि रात्री कोठे निजावयाचे याची चिंता नव्हती.

याचा अर्थ आपला जुना समाज फार दयाळू होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. राऊळ पुरुष होते, ब्राह्मण कुळातले होते, आणि त्यांच्यामागे शिष्यपरंपरा होती. एखाद्या निराधार विधवेला ऋद्धिपूरनेही तसेच वागविले असते, असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. खांबाला बांधलेली, देवस्थानाच्या ओवरीत सोडून दिलेली, 'बाहेरची बाधा' म्हणून मार खाणारी माणसे आपल्या गावोगावी होतीच. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका आसरागृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण तिच्यात मरण पावले. जुन्या काळाचे गोडवे गाताना एरवाडी विसरता येत नाही.

आता इस्पितळांकडे वळू. ही संस्था आपल्याकडे आली ती इंग्रजांबरोबर. लंडनचे बेथलेम हे तिचे मूळपीठ. १२४७ साली मठ म्हणून स्थापन झालेली ही जागा पुढे वेड्यांची झाली आणि तिच्या नावाच्या अपभ्रंशातून 'बेडलॅम' हा गोंधळवाचक इंग्रजी शब्द आला. म्हणजे एर्रगड्ड्याची थट्टा करणारा आपला विद्यार्थी एका जुन्या आंतरराष्ट्रीय परंपरेचा पाईक आहे! अठराव्या शतकात तर लोक सुटीच्या दिवशी पैसे देऊन बेथलेममधले वेडे पाहावयास जात. १७७० मध्ये ही मोकळीक आवरती घेण्यात आली. बेथलेमने आजवर अनेकदा जागा बदलली. १८१५ साली ते जेथे गेले त्या इमारतीत १९३६ पासून युद्धाचे संग्रहालय आहे. वेड्यांच्या घरात तोफा मांडून ठेवल्या, यावर टीका करण्याचा मोह मी आवरतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जिल्ह्याजिल्ह्यांतून मोठमोठी इस्पितळे उभी राहिली. लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथे १८३१ साली असे एक इस्पितळ निघाले. तेथे १८३९ मध्ये आलेल्या जॉन कोनॉली या वैद्याने रुग्णांच्या बेड्या, पट्टे, जाकिटे काढून टाकली. हे मोठ्या धैर्याचे काम होते. उत्तरेस कोल्नी हॅच येथे १८५१ मध्ये उघडलेले इस्पितळ तर राजवाड्यासारखे होते. त्यातील बोळांची लांबी सहा मैलांहून अधिक भरत असे. पण राजवाडा बांधून प्रश्न सुटत नाही. १९०३ मध्ये तेथील लाकडी वॉर्डांना आग लागून पन्नासहून अधिक स्त्री-रुग्ण होरपळून मेल्या. पुढे १९६१ साली इनॉक पॉवेल या आरोग्यमंत्र्याने ही सारी अवाढव्य इस्पितळे बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि १९९३ मध्ये कोल्नी हॅचला, म्हणजे तेव्हाच्या फ्रायर्न इस्पितळाला, कुलूप लागले. त्या इमारतीत आता धनिकांची घरे आहेत.

आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाचे इस्पितळ मात्र निराळे आहे. त्याची कथा मला अनेक वर्षे सोडत नाही. हॅनवेलच्या शेजारी ईलिंग नावाचे उपनगर आहे. तेथे १८७० ते १८९२ या काळात एक वेड्यांचे इस्पितळ होते. त्याचे नाव 'रॉयल इंडिया असायलम'. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावाचे वेड्यांचे इस्पितळ! त्यात हिंदी माणसे मात्र नव्हती. येथे चाकरीस असताना ज्यांचे डोके फिरले असे गोरे शिपाई, अंमलदार आणि मुलकी नोकर तेथे ठेवलेले असत. त्यापूर्वी १८१८ पासून कंपनी सरकार अशा लोकांना लंडनच्या हॅकनी भागातील पेंब्रोक हाउस या खाजगी इस्पितळात पाठवीत असे. गोरा माणूस मुंबई, मद्रास किंवा कलकत्त्याला वेडा झाला, तर काही महिने, फार तर वर्षभर, त्याला येथील इस्पितळात ठेवावयाचे, आणि गुण न आल्यास जहाजावर बसवून मायदेशी रवाना करावयाचे, असा रिवाज होता. त्यामागे दया नव्हती असे नाही. पण राज्यकर्त्यांच्या जातीतला माणूस भ्रमिष्ट अवस्थेत प्रजेच्या नजरेस पडू नये, हीही काळजी होती. वेडा साहेब दिसला, तर शहाण्या साहेबाचा दरारा उणावतो.

ईलिंगच्या त्या वास्तूचा पूर्वेतिहासही सांगण्यासारखा आहे. एल्म ग्रोव्ह नावाचा तो वाडा पूर्वी स्पेन्सर पर्सिव्हल यांचा होता. इंग्लंडचे हे पंतप्रधान १८१२ साली पार्लमेंटच्या दालनात गोळीला बळी पडले. मारेकरी वेडा आहे, असा त्याच्या बाजूने बचाव मांडण्यात आला. तो फेटाळला गेला आणि आठवड्याभरात त्याला फाशी देण्यात आले. पंतप्रधानांचा एक मुलगा, जॉन थॉमस, पुढे स्वतःच मनाच्या आजारात सापडला. त्याच्या घरच्यांनी १८३१ च्या सुमारास त्याला इस्पितळात टाकले, आणि तेथे त्याची जवळजवळ तीन वर्षे गेली. बरा होऊन बाहेर आल्यावर या माणसाने आपल्या अनुभवांवर दोन खंड लिहिले. आपल्याला लाकडी सामानासारखे वागविण्यात आले, आपली इच्छा कोणी विचारली नाही, ही त्याची मुख्य तक्रार. एवढ्यावर न थांबता त्याने वेडे ठरविलेल्या लोकांच्या बाजूने लढणारी एक संस्था समविचारी मंडळींबरोबर चालविली. ज्या घरात त्याचे बालपण गेले, तेच घर त्याच्या हयातीत वेड्यांचे इस्पितळ झाले. दैवाची ही चाल एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती, तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. आज तेथे इस्पितळ नाही. पर्सिव्हल यांच्या कन्येने ठेवलेल्या पैशातून बांधलेले एक चर्च त्या जागी १९०५ पासून उभे आहे.

साहेबासाठी अशी ही परतीची बोट होती. आता आपल्या लोकांचे पाहू.

मुंबईत कुलाब्याला १८२६ च्या सुमारास वेड्यांचे इस्पितळ निघाले. तेथे गोऱ्यांबरोबर हिंदू, मुसलमान, पारशी, सर्वच ठेवले जात. अर्थात दालने वेगळी. १८५८ साली राज्यकारभार राणीकडे गेला, त्याच वर्षी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. भटकणारा किंवा घातक वाटणारा वेडा पोलिसाने पकडावा, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा आणि मॅजिस्ट्रेटने त्याला इस्पितळात धाडावा, अशी त्यात तरतूद होती. म्हणजे रुग्णाची पहिली भेट वैद्याशी होत नसे, शिपायाशी होत असे. पुढे १८९३-९४ मध्ये गांजा-चरसाची चौकशी करण्यास सरकारने एक आयोग नेमला. त्याने इस्पितळांच्या नोंदी उलगडून पाहिल्या, तेव्हा असे आढळले की कित्येक रुग्णांच्या बाबतीत वेडाच्या कारणाच्या रकान्यात 'गांजा' असे कसल्याही पुराव्यावाचून लिहून टाकलेले होते. रकाना कोरा ठेवता येत नाही, म्हणून काहीतरी भरावयाचे. सरकारी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण रकान्यात काय लिहिले गेले यावर एखाद्याचा जन्म ठरू शकतो. रकान्याची ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. मला तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

वेड हा राजकारणाचा विषय कसा होतो, हे महाराष्ट्राने १८८२ मध्ये अनुभविले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज दत्तक घराण्यात आले, तेव्हा अजाण मुलगा होते. ते वेडे आहेत असे ठरवून त्यांना बंदोबस्तात ठेवण्यात आले. महाराज खरोखर वेडे आहेत, की छळ करून त्यांना वेडे ठरविले जात आहे, या प्रश्नाने लोकमत पेटले. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर तिखट आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे ते केले होते ती बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांचे त्या दिवसांवरील पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी या ग्रंथालयातूनच नेऊन वाचले असेल. त्यानंतर वर्षभरात, १८८३ साली, आगरकरांचे 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले. ते 'हॅम्लेट'चे मराठी रूप. राजपुत्र खरा वेडा की वेडाचे सोंग करणारा, हा ज्याचा कणा, असे नाटक नेमके याच माणसाने नेमके याच सुमारास मराठीत आणावे, याकडे मी दर वर्षी विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो.

इतिहासाची पुस्तके या प्रकरणात पत्रकारांच्या तुरुंगवासावर थांबतात. ज्याच्यासाठी हे सारे घडले, त्या तरुणाचे काय झाले? त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले होते. तेथे त्याच्यावर ग्रीन नावाचा एक गोरा सोल्जर पहारेकरी होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी या दोघांत झटापट झाली आणि महाराज मरण पावले. वय अवघे वीस. पुढच्या वर्षी राजविधवा आनंदीबाईंनी शाहू महाराजांना दत्तक घेतले आणि कोल्हापूरचा इतिहास उजळला. मला मात्र त्या किल्ल्यातला नाताळचा दिवस आठवत राहतो. छत्रपतीच्या गादीवरचा माणूस, पण त्याला कोल्हापूरला परत पाठवा असे म्हणणारे तुरुंगात जाऊन आले होते आणि कारभार त्याच्यावाचून चालला होता.

मग इस्पितळे वाढत गेली. नागपूरला १८६४ मध्ये निघालेच होते. रत्नागिरीला १८८६ मध्ये निघाले. त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यालाही इंग्रजांनी रत्नागिरीस आणून ठेवले, हा योगायोग कोकणच्या मंडळींनी मनावर घेऊ नये. ठाण्याला नौपाड्यात १९०१ साली शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे इस्पितळ झाले, आणि पुण्यात येरवड्याला १९१५ मध्ये सर्वांत मोठे. कुलाब्याचे जुने इस्पितळ इतिहासजमा झाले आणि त्याची जागा येरवड्याने घेतली. येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५ हे पुढे मंजूर झालेले खाटांचे आकडे. एकट्या येरवड्यात एका लहान गावाएवढी माणसे मावत. १९१२ मध्ये नवा कायदा आला. १९२० च्या सुमारास 'असायलम' हे नाव पुसून 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी लागली. असायलम या शब्दाचा मूळ अर्थ आसरा. तो शब्द इतका बदनाम झाला की टाकून द्यावा लागला. आसऱ्याचे काय झाले हा प्रश्न पाटीबरोबर गेला नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशेब आहे: इंग्लंडात सुमारे तीनशे लोकांमागे मनोरुग्णांची एक खाट, हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजारांमागे एक. बाकीचे कोठे होते? घरात, ओवरीत, तुरुंगात, रस्त्यावर.

हे झाले ब्रिटिश मुलखाचे. आपण निजामाच्या राज्यातले. हैदराबाद संस्थानात तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे असे तीन भाषांचे प्रांत. दरबारी भाषा उर्दू. या सगळ्या राज्याचे वेड्यांचे इस्पितळ मात्र हैदराबादेत नव्हते, ते जालन्याला होते. जालना म्हणजे मराठवाड्याची व्यापारी पेठ आणि एके काळची फौजेची छावणी. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून लोहमार्ग निघाल्यावर हैदराबाद, नांदेड, परभणी आणि जालना एका रुळावर आली. आमच्या आजोबांच्या पिढीत मराठवाड्यात 'जालन्याला नेले' एवढेच म्हणत. पुढचे कोणी विचारीत नसे.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५३ साली हे इस्पितळ जालन्याहून हैदराबादेस एर्रगड्ड्याला हलविण्यात आले. त्या वर्षी पाहिले तर ही साधी गोष्ट होती. एकाच राज्यातल्या एका गावाहून राजधानीला जाणे. पण तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, भाषावार प्रांतरचनेने मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशची राजधानी झाले. आपण सर्व मराठी माणसांनी त्या दिवसाचे स्वागत केले. माझ्या वडिलांनीही केले. भाषेच्या आधारावर प्रांत झाले, प्रत्येक माणूस आपल्या भाषेच्या घरी गेला असे आपण म्हणतो. ज्याच्या पायात चालण्याचे स्वातंत्र्यच नव्हते असा जालन्याहून आलेला रुग्ण त्या दिवशी न हलता परप्रांतात गेला.

हे मी ग्रंथांच्या आधारे बोलत नाही. येथून पुढे मला माझ्या घरचे सांगायचे आहे.

आमचे मूळ गाव नांदेड जिल्ह्यातले. त्याचेही नाव हिमायतनगर. जुने नाव वाढोणा. आपण जेथे राहतो ते हैदराबादचे हिमायतनगर निजामाचे युवराज हिमायत अली खान, म्हणजे आझम जाह, यांच्या नावाने वसले. वडील म्हणत, एका हिमायतनगरहून निघालो आणि दुसऱ्यात येऊन पडलो. यावर आमच्या घरी पुष्कळ विनोद झाले आहेत. एक गोष्ट मात्र विनोदाची नव्हती.

माझ्या आजोबांना एक धाकटी बहीण होती, म्हणजे वडिलांची आत्या. तिची दोन मुले पाठोपाठ गेली. त्यानंतर ती विहिरीच्या काठावर बसून राहू लागली, स्वयंपाक करीनाशी झाली, रात्री उठून शेताकडे चालू लागली. सासरच्यांनी माहेरी आणून घातली. माहेरच्यांनी अंगारे-धुपारे केले, आणि मग जालन्याला नेले. घरात एक उर्दू कागद आहे, त्यावर १३५२ फसली असे साल आहे, म्हणजे इसवी सन १९४२-४३. तिचा पालक म्हणून आजोबांचे नाव, आणि पत्ता गावचा. १९५३ साली बाकीच्यांबरोबर तीही एर्रगड्ड्याला आली. वडील शिक्षणासाठी हैदराबादेस आले ते १९५५ मध्ये. पुढे येथेच कचेरीत लागले. म्हणजे एकाच शहरात, दोन बस बदलून जाता येईल इतक्या अंतरावर, आत्या आणि भाचा राहत होते.

१९७७ साली मी नऊ वर्षांचा होतो. एका रविवारी वडील मला बरोबर घेऊन गेले. आईने ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधून दिली होती. वडिलांच्या पिशवीत या ग्रंथालयातून आणलेला एक दिवाळी अंक होता. आत्याला अक्षरओळख होती. चित्रे पाहून ती खालची ओळ एकेक अक्षर लावून वाचीत असे. मला भीती वाटेल असे काही तेथे दिसले नाही. पांढऱ्या लुगड्यातली एक बारीक म्हातारी बाकावर येऊन बसली. आजूबाजूला तेलुगू चालले होते, उर्दू चालले होते. वडिलांकडे पाहून ती आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, "अप्पा, पऱ्हाटी येचून झाली का?" अप्पा म्हणजे माझे आजोबा, वडिलांना ती आपला भाऊ समजत होती. जून महिना होता, पऱ्हाटी पेरायची वेळ. वडील म्हणाले, "झाली, समदी झाली." ती समाधानाने मान हलवून दिवाळी अंक उलगडू लागली. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या शेतातला कापूस अजून वेचावयाचा राहिला होता, आणि त्याबद्दल विचारता येईल असे, तिच्या भाषेतले, वडिलांखेरीज तिच्याकडे कोणी येत नव्हते.

भेटीला येणाऱ्यांसाठी दारात नोंदवही असे. नाव, नाते, पत्ता. आमच्या दोन आत्यांची, म्हणजे वडिलांच्या बहिणींची, लग्ने व्हावयाची होती. घराण्यात वेड आहे हे कळले तर स्थळे परत जातील, म्हणून आजोबांनी बजावून ठेवले होते. वडिलांनी आपले नाव खरे लिहिले. नात्याच्या रकान्यात 'एकाच गावचे' असे लिहिले, आणि पत्त्याच्या रकान्यात नुसते 'हिमायतनगर'. त्यातले एक अक्षरही खोटे नव्हते. पुढे लग्ने झाली, मुलेबाळे झाली, तरी वडील दर खेपेस तेच लिहीत राहिले. एकदा लिहिलेले बदलायचे म्हणजे आधीचे का लिहिले ते सांगावे लागते.

१९८१ च्या जानेवारीत आत्या वारली. इस्पितळाने रीतसर पत्र पाठविले, कागदोपत्री असलेल्या पत्त्यावर, पालकाच्या नावाने: हिमायतनगर, जिल्हा नांदेड. आजोबा तोवर हयात नव्हते. पत्र गावच्या घरी कोनाड्यात पडून राहिले. फेब्रुवारीत गावाकडचे कोणी लग्नाची खरेदी करण्यासाठी हैदराबादेस आले, तेव्हा ते आमच्या हाती पडले. अंत्यसंस्कार केव्हाच उरकले होते. वडील तेव्हा काही बोलले नाहीत. हे सारे त्यांनी मला सांगितले ते २००३ साली, स्वतःच्या शेवटच्या आजारात, आणि तेही एकदाच. दोष इस्पितळाचा नव्हता, टपालाचाही नव्हता. "रकाना मीच भरला होता," ते म्हणाले.

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ पासून अमलात आला आणि १९१२ चा इंग्रजी कायदा गेला. त्यानंतर २०१७ चा कायदा झाला, तो २०१८ पासून लागू आहे. त्यात एक कलम असे आहे की, कुटुंब नाही किंवा कुटुंब घेऊन जात नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाही व्यक्तीला अशा संस्थेत ठेवून घेता येणार नाही. तिला समाजात राहण्याचा हक्क आहे. ते कलम मी अनेकदा वाचले आहे. कायद्याची भाषा सहसा रूक्ष असते, पण आमच्या घराण्याचे नाव न घेता कोणीतरी आमच्याबद्दलच लिहून ठेवले आहे असे मला ते वाचताना वाटते. सरकारने घर द्यावे, निवारा द्यावा हे खरे. पण नात्याचा रकाना सरकारला भरता येत नाही.

आमच्या घराण्याची एक छापील वंशावळ आहे. तिच्यात आजोबांच्या भावंडांमध्ये या आत्याचे नाव नव्हते. २०१९ मध्ये ती नव्याने छापावयाची ठरली, तेव्हा मी तिचे नाव घातले, आणि त्यापुढे, इतरांच्या नावापुढे गाव लिहिले आहे तसे, वाढोणा, जालना, एर्रगड्डा असे लिहिले. गावाकडच्या एका चुलतभावाचा दूरध्वनी आला. नाव राहू दे, पण शेवटचे गाव काढ, असे त्याचे म्हणणे. घरात लग्नाच्या मुली आहेत, असेही तो म्हणाला. आम्ही अर्धा तास बोललो. वंशावळ तशीच छापली गेली आहे. तिची एक प्रत मी आज ग्रंथालयाच्या संदर्भ विभागासाठी आणली आहे. ती कार्यवाहांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.